प्रतिकारशक्तीचा कारभार

कोविडच्या साथीने आपल्या नित्याच्या बोलण्यात जे शब्दप्रयोग आणून सोडले, त्यांपैकी ‘प्रतिकारशक्ती वाढवणे’ हा सर्वाधिक चिवट ठरला आहे. साथ ओसरली, मुखपट्ट्या उतरल्या, विलगीकरणासाठी घेतलेल्या शाळा पुन्हा मुलांच्या स्वाधीन झाल्या. तरी काढ्यांच्या बाटल्यांवर, चूर्णांच्या डब्यांवर आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्यांच्या वेष्टनांवर तेच आश्वासन कायम आहे. माळेगाव बुद्रुकसारख्या गावात, जेथे सहकारी साखर कारखाना आहे, अभियांत्रिकीचे आणि औषधनिर्माणशास्त्राचे महाविद्यालय आहे, आणि ज्याच्या शेजारी माळेगाव खुर्द येथे अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संशोधन संस्था उभी आहे, तेथेही चांगला शिकलासवरलेला माणूस हे आश्वासन विनातक्रार स्वीकारतो. प्रतिकारशक्ती ही जणू एकाच मापाने मोजता येणारी राशी असून ती जितकी अधिक तितके बरे, अशी त्यामागील समजूत आहे.

ही समजूत उथळ आहे, आणि केवळ उथळ नाही तर अपायकारक आहे, असे माझे मत आहे. माझे प्रतिपादन थोडक्यात असे: प्रतिकारसंस्थेचे आरोग्य तिच्या बळाच्या परिमाणावर अवलंबून नसून कोणावर धावून जावे, कोणाला अभय द्यावे आणि कधी थांबावे या तिच्या निवाड्याच्या अचूकतेवर अवलंबून असते, या निवाड्याची घडण ज्या थायमस ऊर्फ यौवनलोपी ग्रंथीत होते तिच्याशी निगडित पेप्टाइडांचा अभ्यास हा याचा सर्वांत स्वच्छ पुरावा आहे, आणि म्हणून आपल्या मुलखात जे प्रथम करावयाचे ते शक्तिवर्धन नव्हे, तर ज्या उणिवेमुळे हा निवाडाच बिघडतो ती उणीव, विशेषतः जस्ताची, भरून काढणे होय.

१. ‘शक्ती’ या कल्पनेतील दोष

प्रतिकार ही जर निव्वळ शक्ती असती, तर तिचा अतिरेक संभवला नसता. परंतु संधिवाताच्या एका प्रकारात हीच शक्ती सांध्यांचे अस्तर पोखरते. बालपणी जडणाऱ्या मधुमेहात ती स्वादुपिंडातील इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करते. आणि दम्यात ती धुळीच्या कणाला शत्रू मानून श्वासनलिका आवळून धरते. या रुग्णांना प्रतिकारशक्ती ‘वाढवा’ असा सल्ला देणे म्हणजे रोगाच्या हाती आणखी एक शस्त्र देणे होय.

कोविडनेच याचा निर्णायक दाखला दिला होता, पण तो आपण ध्यानात ठेवला नाही. इंग्लंडमध्ये २०२० साली झालेल्या ‘रिकव्हरी’ या मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोन हे प्रतिकाराचा दाह शमवणारे स्वस्त औषध दिल्यावर कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचा मृत्युदर ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आला. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती, अशा रुग्णांना मात्र त्याच औषधाने लाभ झाला नाही. याचा अर्थ असा की, त्या व्याधीच्या पहिल्या टप्प्यावर विषाणू हा मुख्य वैरी होता, आणि शेवटच्या टप्प्यावर अनावर झालेला प्रतिकारच घातक ठरत होता. आणि हेच स्टेरॉइड जेव्हा गरज नसता, अधिक मात्रेत, रक्तातील साखरेकडे दुर्लक्ष करून दिले गेले, तेव्हा २०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातील रुग्णालयांत काळ्या बुरशीचे रुग्ण दाटले. एकाच वर्षाच्या अवधीत प्रतिकाराच्या अतिरेकाने आणि प्रतिकाराच्या ऱ्हासाने, दोन्हींनी माणसे गेली. जो विचार या दोन मृत्यूंचा एकत्र अर्थ लावू शकत नाही, तो विचार अपुरा आहे हे उघड आहे.

२. थायमसमध्ये काय घडते

उरोस्थीच्या मागे, हृदयाच्या वरच्या अंगाला ही दोन पाळ्यांची ग्रंथी असते. बाल्यात ती भरीव असते आणि वयात आल्यावर ओसरत जाऊन तिची जागा मेद घेतो. एवढ्यामुळे ती एक निरुपयोगी अवशेष आहे असे शरीरशास्त्रज्ञ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मानीत. १९६१ मध्ये जॅक मिलर यांनी लंडनमध्ये नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची ही ग्रंथी काढून टाकली, तेव्हा ती पिले खंगत गेली, सामान्य संसर्गांना बळी पडली आणि परक्या उंदराची त्वचा अंगावर लावली असता ती झिडकारू शकली नाहीत. प्रतिकाराचे मूळ या ग्रंथीत आहे हे त्या प्रयोगाने सिद्ध झाले.

परंतु इतकेच सिद्ध झाले असते तर ‘शक्ती’वाल्यांचा पक्ष भक्कमच झाला असता. नागोयामध्ये निशिझुका आणि साकाकुरा यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हीच ग्रंथी जन्माच्या दिवशी न काढता तिसऱ्या दिवशी काढली, आणि परिणाम वेगळाच झाला: त्या मादी उंदरांची बीजांडे नष्ट झाली. पुढे कळले की हा नाश बाहेरच्या कोणत्याही जंतूने केला नव्हता, तो त्यांच्या स्वतःच्या प्रतिकारपेशींनी केला होता. ग्रंथी गेली आणि प्रतिकार क्षीण होण्याऐवजी बेबंद झाला, ही गोष्ट मला या सर्व शास्त्रातील सर्वांत बोधक वाटते. तिचाच माग काढीत शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये प्रतिकाराला आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशींचा वेगळा वर्ग दाखवून दिला, आणि २०२५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना, मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांच्यासमवेत, या संयमशास्त्रासाठीच मिळाले.

थायमसमधील प्रक्रिया कठोर आहे. अस्थिमज्जेतून आलेल्या कोवळ्या पेशींना येथे दुहेरी परीक्षेतून जावे लागते: बाहेरच्या भागात, शरीराच्या ओळखचिन्हांशी जुळवून घेऊ न शकणाऱ्या पेशी मरू दिल्या जातात, आतल्या भागात, शरीराच्या स्वतःच्या प्रथिनांवर तुटून पडणाऱ्या पेशी मारल्या जातात किंवा नियामक पेशींत परिवर्तित केल्या जातात. आत आलेल्यांपैकी शेकडा पाचांहून अधिक जिवंत बाहेर पडत नाहीत. जिचा हेतू केवळ बळ वाढवणे हा असता, अशा यंत्रणेने आपल्या सैन्याचा इतका मोठा हिस्सा स्वतःच्या हाताने निकालात काढला नसता.

३. अठ्ठावीस अमिनो आम्लांची साखळी

आता पेप्टाइडांकडे येऊ. ॲलन गोल्डस्टीन आणि अब्राहम व्हाइट यांनी १९६६ मध्ये न्यूयॉर्क येथे वासरांच्या थायमसपासून काढलेल्या अर्काला थायमोसिन हे नाव दिले. त्या अर्कातून पुढे शुद्ध स्वरूपात वेगळा केलेला थायमोसिन अल्फा-१ हा २८ अमिनो आम्लांचा पेप्टाइड असल्याचे १९७७ मध्ये निश्चित झाले. तो प्रोथायमोसिन अल्फा नावाच्या अधिक लांब प्रथिनाच्या आरंभीचा तुकडा आहे. हे मूळ प्रथिन केवळ थायमसमध्ये नसून जवळजवळ सर्व ऊतकांच्या पेशीकेंद्रात आढळते. सबब त्याला थायमसचे खास संप्रेरक म्हणणे पूर्णांशाने बरोबर नाही. शोध जेथे लागला त्याचे नाव वस्तूला चिकटले, इतकेच.

त्याचे कार्य मात्र प्रस्तुत विषयाच्या मर्माशी येऊन भिडते. प्रतिकारसंस्थेच्या पहाऱ्यावर असलेल्या शाखायुक्त पेशींच्या ठिकाणी जंतूंची चाहूल घेणारे टोल-सदृश ग्राही असतात; थायमोसिन अल्फा-१ त्यांच्यामार्फत या पेशींना जागृत करतो. इटलीतील पेरूजा येथे लुइजिना रोमानी यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवले की, अस्थिमज्जारोपण केलेल्या उंदरांना या पेप्टाइडामुळे ॲस्परजिलस या बुरशीविरुद्ध प्रतिकार करता येतो. येथवर तो उत्तेजक वाटतो. पण त्याच गटाने दोन वर्षांनी दाखवले की, त्याच शाखायुक्त पेशींत हाच पेप्टाइड ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचे विघटन करणाऱ्या विकराला चालना देतो, आणि त्यायोगे नियामक टी-पेशींची संख्या वाढून दाह आटोक्यात राहतो. एकच रेणू चढाईचा हुकूमही देतो आणि माघारीची तजवीजही करतो. त्याला ‘शक्तिवर्धक’ म्हटल्याने त्याच्या कार्याचा निम्मा भाग दृष्टीआड होतो.

४. नीरा खोऱ्यातील एक पुरावा

जितके अधिक तितके बरे, ही समजूत कशी फसवते हे आमच्या भागातील वाचकाला वास्तविक नव्याने शिकवण्याची गरज नसावी. १८७६-७७ च्या दुष्काळाने होरपळलेल्या या मुलखात नीरा डावा कालवा आला, ऊस आला आणि पाणी जितके अधिक तितके पीक अधिक ही समजूतही आली. निचऱ्याचा विचार न करता भारी काळ्या जमिनीत पाणी मुरत राहिले, क्षार वर आले, आणि १९१० मध्येच हॅरल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हणे यांना मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यासाठी नीरा खोऱ्यातील खाऱ्या जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. पाणी हेच जीवन होते आणि अमर्याद झाल्यावर तेच जमिनीचा काळ झाले. म्हणून पाळी ठरवणे, दार वेळेवर बंद करणे आणि चर खोदून निचरा करणे ही पाणी सोडण्याइतकीच महत्त्वाची कामे ठरली. शरीरातील प्रतिकाराला हा न्याय अक्षरशः लागू आहे.

५. जस्तावाचून निष्क्रिय

थायमसचा दुसरा पेप्टाइड अधिक लहान, पण आपल्या दृष्टीने अधिक अर्थपूर्ण आहे. पॅरिसमध्ये जाँ-फ्रांस्वा बाक आणि मिरेई दार्देन यांनी शोधलेला थायम्युलिन हा अवघ्या ९ अमिनो आम्लांचा असून तो थायमसच्या अस्तरपेशी तयार करतात. टी-पेशींच्या परिपक्वतेला तो साहाय्य करतो. परंतु त्याच्याशी जस्ताचा एक अणू जोडलेला असल्याखेरीज तो काहीही करू शकत नाही, हे १९८२ मध्ये निर्विवाद ठरले. बिहारमधील बक्सर येथे जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत डेट्रॉइटला स्थायिक झालेले डॉ. आनंद प्रसाद, ज्यांनी माणसातील जस्तन्यूनता प्रथम इराणमध्ये ओळखली, त्यांनी १९८८ मध्ये स्वयंसेवकांवरील प्रयोगातून दाखवले की, आहारातील जस्त थोडेसे जरी घटवले तरी रक्तातील थायम्युलिनची क्रियाशीलता मंदावते, आणि जस्त पुन्हा दिले की ती पूर्ववत होते. इतकेच काय, अशा व्यक्तीच्या रक्तद्रवात परीक्षानळीतच जस्त मिसळले तरी क्रियाशीलता परत येत असे. म्हणजे पेप्टाइड हजर होता, फक्त त्याला अंमल बजावण्याचा अधिकार नव्हता.

येथे हा विषय प्रयोगशाळेतून निघून थेट माळेगावच्या शिवारात येतो. देशात तपासलेल्या मातीच्या नमुन्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक नमुन्यांत उपलब्ध जस्त अपुरे आढळले आहे, आणि नीरेकाठच्या चुनखडीयुक्त, विम्लधर्मी काळ्या जमिनी ही या उणिवेची जणू ठरलेली ठिकाणे आहेत. कारण सामू वाढला की मातीत असलेले जस्तही पिकाच्या मुळांना उचलता येत नाही. आमच्या शेतकऱ्याला हे ठाऊक नाही असे नाही. उसाच्या पानांवर पिवळसर पट्टे दिसताच तो जस्ताची कमतरता ओळखतो, आणि कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे हेक्टरी २० किलो झिंक सल्फेट शेणखतात मुरवून घालतो. परंतु ही सर्व तजवीज उसासाठी होते, आणि साखरेत जस्त उतरत नाही. ज्या जस्तावर आपण पैसा खर्च करतो, ते आपल्या मुलांच्या ताटात पोचण्याची वाट जवळजवळ नाही.

ताटाकडे पाहावे तर देशव्यापी पोषण सर्वेक्षणाने २०१६ ते २०१८ या काळात एक ते चार वर्षांच्या मुलांपैकी १९ टक्के, आणि दहा ते एकोणीस वर्षांच्या किशोरवयीनांपैकी ३२ टक्के मुलांत जस्ताची न्यूनता नोंदवली. भाकरी हे आपले मुख्य अन्न. तिच्यात जस्त असते, पण धान्यातील फायटेट ते आतड्यात अडकवून ठेवते. आंबवण्याने आणि मोड आणण्याने फायटेट कमी होते. आपल्या आज्या-पणज्यांच्या स्वयंपाकात अंबिलीला आणि मोडाच्या मटकीला जे स्थान होते, ते शास्त्र जाणून दिलेले नसेल, तथापि ते शास्त्राच्या विरुद्धही नव्हते. याच दिशेने झालेला एक आधुनिक प्रयत्न मला फार मोलाचा वाटतो: लोह व जस्त अधिक असलेला धनशक्ती हा बाजरीचा वाण प्रथम महाराष्ट्रातच प्रसृत झाला, आणि अशा समृद्ध बाजरीतून लहान मुलांच्या शरीरात जस्त खरोखर अधिक शोषले जाते हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेळगावच्या अभ्यासाने दाखवून दिले.

मातीतील जस्त वाढवले की मुलांचा प्रतिकार आपोआप सुधारेल, असा सरळसोट निष्कर्ष मी काढीत नाही. माती, धान्य, पचन आणि ग्रंथी या चार पायऱ्यांपैकी प्रत्येकीवर गळती आहे. परंतु जो समाज निष्क्रिय थायम्युलिनच्या मुलांना ‘इम्युनिटी’चे चाटण विकत आणून देतो आणि भाकरीतल्या जस्ताची विचारपूस करीत नाही, त्याने आपल्या खर्चाचा क्रम उलटा लावला आहे, हे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

६. तीन आक्षेप

पहिला आक्षेप लशीचा. लस ही प्रतिकारशक्ती वाढवण्याचीच युक्ती नव्हे काय? माझ्या मते नव्हे. गोवराची लस गोवराच्या विषाणूची ओळख पटवून देते. तिने मुलाचा धनुर्वाताविरुद्धचा प्रतिकार वाढत नाही, आणि म्हणूनच धनुर्वाताची लस वेगळी द्यावी लागते. लशीचे सामर्थ्य तिच्या नेमकेपणात आहे. सर्व रोगांविरुद्ध सर्वांची सर्वकाळ शक्ती वाढवण्याचा दावा आणि लशीचा दावा यांत जातीचा फरक आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. थायमोसिन अल्फा-१ हे औषध ‘थायमाल्फासिन’ या नावाने अनेक देशांत यकृताच्या ‘बी’ काविळीसाठी दिले जाते, कोविडच्या काळात आपल्याकडेही दिले गेले. मग ते शक्तिवर्धन नाही तर काय? याचे उत्तर चाचण्यांनीच दिले आहे. सेप्सिसच्या ३६१ गंभीर रुग्णांवर चीनमध्ये झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत औषध घेतलेल्यांचा अठ्ठावीस दिवसांतील मृत्युदर २६ टक्के आणि न घेतलेल्यांचा ३५ टक्के होता. आशा वाटावी असा हा फरक, पण संख्याशास्त्राच्या कसोटीला काठावर अडकलेला. म्हणून ११०६ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. तिचा निकाल २०२५ च्या आरंभी आला, तेव्हा मृत्युदर अनुक्रमे २३.४ आणि २४.१ टक्के, म्हणजे जवळजवळ समान, निघाला. निराश होण्यापेक्षा यातून शिकणे मला अधिक योग्य वाटते. सेप्सिसच्या एका रुग्णात प्रतिकार भडकलेला असतो, दुसऱ्यात विझलेला. दोघांना एकच सुई टोचून सरासरी काढली तर लाभ आणि निष्फळता एकमेकांत विरून जाण्याचा संभव मोठा. ज्या रुग्णाचा प्रतिकार खरोखर खचला आहे त्याला तो मोजून, निवडून हे औषध देण्याचा मार्ग याने बंद होत नाही. पण ते सर्वांना वाटण्याचा मार्ग मात्र बंद झाला पाहिजे.

याच आक्षेपाला जोडून कोणी म्हणेल की, उतारवयात थायमस ओसरते, तेव्हा निदान वृद्धांना तरी तिचे पेप्टाइड टोचावे. थायमसची गरज प्रौढपणीही संपत नाही हे खरे: बोस्टनमधून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शस्त्रक्रियेत थायमस काढाव्या लागलेल्या प्रौढांपैकी ८.१ टक्के पाच वर्षांत दगावले, तर तत्सम शस्त्रक्रिया होऊनही थायमस शाबूत राहिलेल्यांपैकी २.८ टक्के. वृद्धांत फ्लूच्या लशीला मिळणारा प्रतिसाद या पेप्टाइडाने सुधारल्याचे काही छोट्या प्रयोगांत दिसले, हेही खरे. परंतु ग्रंथीचे कार्य आणि तिच्या नावाचा एक रेणू ही एक वस्तू नव्हे. जन्मतः थायमस नसलेल्या बालकांना वाचवायला पेप्टाइडांची इंजेक्शने पुरली नाहीत. त्यांच्या मांडीच्या स्नायूंत थायमसच्या ऊतकाचे काप रोवावे लागतात, आणि अमेरिकेत या उपचाराला २०२१ मध्ये मान्यता मिळाली. निवडीचे काम करायला निवडीची जागाच लागते.

तिसरा आक्षेप असा की, कुपोषित मुलाचा प्रतिकार क्षीणच असतो, मग तो वाढवा असे म्हटल्याने बिघडले कोठे? बिघडते ते येथे, की उणीव भरून काढण्याला सीमा असते आणि वाढवण्याला नसते. जस्ताचेच घ्या. ते गरजेपेक्षा जास्त दीर्घकाळ पोटात गेले तर तांब्याचे शोषण अडते, आणि तांब्याच्या अभावी रक्तातील न्यूट्रोफिल या संरक्षक पांढऱ्या पेशी घटतात. ज्याने प्रतिकार सावरतो त्याच द्रव्याने तो ढासळवता येतो.

७. मात्रेचा प्रश्न

म्हणून हा प्रश्न अखेर मात्रेचा आहे, आणि त्याची सर्वांत चांगली उकल ज्या ठिकाणी झाली आहे ते ठिकाण कोणत्याही महागड्या दवाखान्यात नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००४ मध्ये अतिसार झालेल्या मुलाला क्षारसंजीवनीसोबत रोज २० मिलिग्रॅम जस्त, सहा महिन्यांखालील बाळाला १० मिलिग्रॅम, दहा ते चौदा दिवस द्यावे अशी शिफारस केली. आपल्याकडे आशाताई आणि अंगणवाडीताई चौदा गोळ्यांची ती पट्टी घरोघर पोचवतात. पुढे भारतात आणि टांझानियात मिळून ४५०० मुलांवर चाचणी झाली आणि २०२० मध्ये तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: २० मिलिग्रॅमऐवजी अवघे ५ मिलिग्रॅम दिले तरी अतिसाराविरुद्धचा परिणाम उणा ठरला नाही, आणि औषधानंतर अर्ध्या तासात ओकारी होणाऱ्या मुलांचे प्रमाण १९.३ टक्क्यांवरून १३.७ टक्क्यांवर आले.

गाळपाचा हंगाम सुरू झाला की बीड-नगरकडून ऊसतोड कुटुंबे येतात आणि फडालगत, कारखान्याच्या तळावर, कोप्या उभ्या राहतात. त्या कोप्यांतील मुले बाजरीच्या भाकरीवर वाढतात आणि पाट-विहिरीचे मिळेल ते पाणी पितात. त्यांची नावे गावच्या अंगणवाडीच्या दफ्तरात बहुधा नसतात. चौदा दिवसांची ती पट्टी कोणाच्या हातून, कोणत्या नोंदवहीच्या आधारे त्यांच्यापर्यंत पोचते, आणि चौदा दिवसांच्या आत टोळी दुसऱ्या फडाकडे हलली तर उरलेल्या गोळ्या कोण देते, याचे उत्तर पंचायतीने, कारखान्याने आणि आरोग्य खात्याने मिळून हंगाम सुरू होण्यापूर्वीच लिहून ठेवले पाहिजे.